माइक कुठे ठेवायचा?

गिटारच्या अ‍ॅम्पसमोर माइक ठेवण्यात काय एवढं? स्पीकरमधून आवाज येतो, समोर माइक उभा करा, झालं! पण १९६६ साली लंडनमध्ये याच प्रश्नावरून बरीच ओढाताण झाली, आणि तिथून इलेक्ट्रिक गिटारचा रेकॉर्डवरचा आवाज बदलला.

वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेक्का स्टुडिओत जॉन मेयॉलच्या बँडचं रेकॉर्डिंग चालू होतं. गिटारवर जेमतेम एकविशीचा एरिक क्लॅप्टन. हातात गिब्सन लेस पॉल, मागे दोन बारा इंची स्पीकरचा मार्शल अ‍ॅम्प. तेव्हाची रीत अशी, की अ‍ॅम्प बेताचा वाजवायचा आणि माइक जवळ लावायचा. कारणही रास्त होतं. गिटार मोठी वाजली की ती ड्रमच्या माइकमध्येही शिरते, मग नंतर वेगळी काढता येत नाही. क्लॅप्टनचा हट्ट मात्र उलटा. आवाज क्लबात असतो तेवढाच राहणार, आणि माइक लांब न्या! इंजिनिअर गस डजन हबकलाच. निर्माता माइक व्हर्नन (नावातच माइक, काय करणार :)) याने शेवटी ते चालवून घेतलं.

आता हा नुसता हेका होता का? तर नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पुरता ताणला की आवाजाला एक दाट, भरदार कड येते. तो हळू वाजवला तर ते वाद्यच वेगळं होतं. माइकचंही तसंच. एका दिशेने ऐकणारा माइक स्पीकरला चिकटवला की खर्ज फुगतो. बारा इंची स्पीकरमधले वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात, त्यामुळे मध्यावर आवाज टोकदार आणि कडेला मऊ. दोन-तीन इंच सरकवलं तरी फरक कळतो. लांब नेला, की खोलीच्या भिंतीही वाजायला लागतात. आणि क्लबात ऐकणारा माणूस काही स्पीकरला कान लावून बसत नाही!

गंमत म्हणजे त्याच वर्षी ईएमआयच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत वीस वर्षांचा जेफ एमरिक नेमकं उलट करत होता. 'एलेनॉर रिग्बी'साठी त्याने माइक व्हायोलिनच्या इतके जवळ नेले की वादक अवघडले. इथे रीत होती माइक लांब ठेवायची. म्हणजे एकाने लांब नेऊन नियम मोडला, दुसऱ्याने जवळ आणून.

मग बरोबर अंतर कुठलं? मला वाटतं, प्रश्नच अपुरा आहे. नियम सांगतात, रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून काय करावं. ऐकणाऱ्याला काय ऐकू यावं, हे आधी कोणीतरी ठरवावं लागतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही पुष्कळ नियम पहिल्या जातीचे असतात, आणि दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

असो. मेयॉलची ती रेकॉर्ड जुलै १९६६ मध्ये आली, आणि 'एलेनॉर रिग्बी' ज्यात आहे ती 'रिव्हॉल्व्हर' लगेच ऑगस्टमध्ये. हेडफोन लावून लागोपाठ ऐका. एकीत गिटार खोलीभर पसरलेली, दुसरीत तारांवरच्या गजाची खरखर अगदी कानाशी.