सॉफ्टवेअर मोडेम व युनिक्ससदृश प्रणाली

सॉफ्टवेअर मोडेम : संगणकातील माहितीचे दूरध्वनीच्या तारेवरून जाणाऱ्या संकेतांत रूपांतर करण्याचे व त्याच्या उलट क्रियेचे काम स्वतंत्र मंडलांऐवजी मुख्यतः संगणकाच्या मध्यवर्ती प्रक्रियकाकडून करून घेणारे साधन. ‘विनमोडेम’ हे मूळचे यूएस रोबोटिक्स कंपनीचे व्यापारी नाव पुढे या सर्वच प्रकारास रूढ झाले. लिनक्ससारख्या युनिक्ससदृश प्रणालींवर ही साधने बहुधा चालत नसत.

पूर्वीच्या मोडेमात संकेतांवर प्रक्रिया करणारे मंडल व नियंत्रक ही दोन्ही असत. संगणक सीरियल पोर्टमार्गे त्यास अक्षररूप आज्ञा देई. १९८१ मध्ये हेझ कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर आलेला ‘एटी’ आज्ञासंच सर्वत्र स्वीकारला गेल्याने जवळजवळ कोणतीही प्रणाली कोणताही मोडेम चालवू शके. १९९० नंतरच्या दशकात प्रक्रियक वेगवान झाले, तेव्हा निर्मात्यांनी खर्च वाचविण्यासाठी यांपैकी काही मंडले वगळली. काही मोडेमांतून केवळ नियंत्रक गेला. काहींत तारेशी जोडणारे मंडल व संकेतांचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक एवढेच उरले. १९९८ च्या व्ही.९० मानकानुसार सेकंदाला ५६,००० बिटांपर्यंत माहिती स्वीकारताना ८,००० चिन्हे ओळखावी लागत. हे काम, तसेच प्रतिध्वनिनिरसन व त्रुटिनिवारण, आता चालक आज्ञावलीकडे (ड्रायव्हरकडे) आले. अशा रीतीने आज्ञावली हाच मोडेमाचा मुख्य भाग बनला.

ही आज्ञावली बहुधा केवळ विंडोजसाठी पुरविली जाई. संकेतप्रक्रियेच्या रीती हे निर्मात्यांचे व्यापारी धन असून त्यांपैकी काहींवर एकस्वे होती. त्यामुळे परिवर्तकाशी संपर्क साधण्याचे तपशीलही सहसा प्रसिद्ध होत नसत. काही निर्मात्यांनी लिनक्ससाठी अंशतः बंद स्वरूपाच्या आज्ञावल्या दिल्या. परंतु लिनक्सच्या गाभ्याची (कर्नलची) अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलत असल्याने एका आवृत्तीसाठी संकलित केलेला भाग दुसरीत निरुपयोगी ठरे. ल्यूसेंट व कोनेक्झंट यांच्या मोडेमांबाबत हा अनुभव येई. स्मार्ट लिंकने बंद भाग गाभ्याबाहेर, स्वतंत्र कार्यक्रम म्हणून चालविला. कोनेक्झंटच्या मोडेमांसाठी लिनक्सअँट कंपनी आज्ञावली देई. तिची विनामूल्य आवृत्ती सेकंदाला १४,४०० बिटांपुरती मर्यादित होती.

मतभेद केवळ तांत्रिक नव्हता. लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्याखाली असून बंद भाग जोडल्यास तो तशी नोंद करतो. एप्रिल २००४ मध्ये लिनक्सअँटच्या आज्ञावलीतील परवानादर्शक मजकुरात ‘जीपीएल’ या अक्षरांनंतर शून्य चिन्ह घातलेले आढळले. त्यामुळे गाभा पुढील मजकूर न वाचता ती मुक्त समजे. वापरणाऱ्यांस गोंधळविणाऱ्या सूचना टाळण्यासाठी असे केल्याचे कंपनीने सांगितले. गाभ्याच्या विकासकांनी मात्र ही युक्ती अमान्य करून ती रोखणारी दुरुस्ती सुचविली. फाब्रिस बेलार्ड यांनी पूर्णतः मुक्त सॉफ्टवेअर मोडेम लिहिण्यास प्रारंभ केला होता. तथापि प्रत्येक परिवर्तकाची माहिती हाती नसल्याने असे प्रयत्न मर्यादित राहिले.

ब्रॉडबँडच्या प्रसाराने हा प्रश्न सुटण्याआधीच मागे पडला. एटी आज्ञा समजणारा जुना बाह्य मोडेम सीरियल पोर्ट असलेल्या संगणकावर अद्यापि चालू शकतो. त्यानंतरचे अनेक सॉफ्टवेअर मोडेम मात्र सुस्थितीत असूनही निरुपयोगी झाले. साधन ग्राहकाच्या मालकीचे, पण ते चालविण्याचे ज्ञान निर्मात्याच्या ताब्यात, ही विसंगती त्यामागे होती. पुढे बिनतारी जालपत्रे व चित्रप्रक्रियक यांच्याबाबतही तोच वाद उद्‌भवला.