वाणीची विश्रांती

मुधोळ म्हटले की पुष्कळांना घोरपड्यांचे संस्थान आठवते. मी सांगणार आहे ते मुधोळ निराळे. ते गोदावरीच्या खोऱ्यात, नांदेडच्या पूर्वेस आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून आदिलाबाद जिल्ह्यात गेली. आज हा भाग तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात मोडतो. सीमा हलली, तरी तेथील मराठी बोल मावळले नाहीत.

मुधोळच्या शेजारीच गोदाकाठी बासर हे सरस्वतीचे क्षेत्र आहे. महाभारताचे युद्ध संपल्यावर उद्विग्न झालेले व्यास शांत स्थळ शोधीत येथे आले, अशी स्थलकथा आहे. नदीत स्नान करून ते रोज तीन मुठी वाळू आणीत आणि तिच्यातून देवीची मूर्ती घडवीत. व्यासांच्या वास्तव्यामुळे गावाला व्यासर, वासर आणि शेवटी बासर हे नाव पडले, असे सांगतात. या कथेला इतिहास म्हणता येणार नाही. परंतु लोकांच्या अनुभवाची साक्ष तिच्यात आहे. एवढा संहार पाहिलेल्या मनाला लोकांनी औषध कोणते सुचविले? नदीकाठची निःशब्दता आणि हाताला एक संथ काम!

हेच औषध आपल्या काळात वर्ध्याजवळ सेवाग्रामला दिसले. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास गेले. सोमवार हा त्यांचा मौनाचा वार. त्याचा मूळ हेतू अगदी व्यावहारिक होता. भेटी आणि भाषणे यांच्या रेट्यातून विसावा मिळावा व साचलेली पत्रे हातावेगळी व्हावीत, एवढाच. पुढे त्यांना त्यातच आत्मिक बळ सापडले. बोलावयाचे नाही असे एकदा ठरले की, उत्तर देण्याची घाई सरते. रागाचा शब्द जिभेवर येतो, पण चिठ्ठीवर उतरेपर्यंत निम्मा विरून जातो. या व्रताला गांधीजींनी दोन अपवाद मात्र ठेवले होते. तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणे आणि रुग्णाची शुश्रूषा.

त्या अपवादांचे मोल पुढे पवनारला कळले. धाम नदीच्या काठी विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन धरले. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मौनातच त्यांनी ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द पुढे केले. हे व्यासांच्याच महाभारतातील एका पर्वाचे नाव. सत्ताधाऱ्यांनी त्याचा अर्थ आणीबाणीस आशीर्वाद असा लावला. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की, शासन राज्यकर्त्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे. तोवर ते दोन शब्द देशभर फिरले होते. ज्या मौनाने एकाचे चित्त निवते, त्याचा अर्थ दुसरा आपल्या सोयीने लावू शकतो.

बासरला आजही आईबाप मुलांना पहिले अक्षर गिरविण्यासाठी आणतात. जेथे व्यास निःशब्द बसले असे लोक मानतात, तेथेच वाणीचा आरंभ होतो! शेताला पडीक काळ हवा असतो तो पुढच्या पेरणीसाठी. मौनाचेही तसेच आहे. आठवड्यातून एखादा प्रहर आपणही जिभेला विसावा द्यावा. शेजारी कोणी कण्हत असेल, तर मात्र त्या प्रहरातही उठून आधी त्याची विचारपूस करावी.