जुन्या बेस गिटारचं वय कसं ठरवायचं?

इतिहासाची साधनं म्हटलं की ताम्रपट, नाणी, बखरी डोळ्यांपुढे येतात. कारखान्यात तयार झालेली, जेमतेम साठ-सत्तर वर्षांची वस्तू आपण त्यांत धरत नाही. पण अशा एखाद्या वस्तूचं वय काढायला बसलं, की इतिहासकाराला पडणारे बहुतेक प्रश्न तिथेही भेटतात. आपण विजेवर चालणाऱ्या बेस गिटारचं उदाहरण घेऊ.

लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांचं दुकान होतं. १९५१च्या अखेरीस त्यांच्या कारखान्यातून ‘प्रिसिजन बेस’ नावाचं वाद्य बाहेर पडलं. तोवर खर्जाच्या साथीला माणसाएवढा उंच डबल बेस लागे. त्याला पडदे नसतात, त्यामुळे बोट नेमकं कुठे टेकवायचं ते कानानेच ठरवायचं. फेंडर यांच्या वाद्याला सतारीसारखे पडदे होते (सतारीचे सरकवता येतात, हे पक्के ठोकलेले, एवढा फरक). पडद्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’.

वाद्य घडवताना फेंडर यांची रेडिओवाल्याची सवय कामी आली. वाद्याची मान त्यांनी सरसाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी धडाला आवळली. आवाजाचे पॉट, तारा, पिकअप हे सगळंही उघडून बदलता येईल असं. बिघडलेला भाग काढा, नवा बसवा, की वाद्य पुन्हा कार्यक्रमाला तयार.

या सोयीमुळेच आज पंचाईत झाली आहे. जुन्या वाद्यांना आता मोठी किंमत येते आणि ती सगळे भाग मूळचे असण्यावर अवलंबून असते. नुसता रंग नव्याने दिलेला असला तरी किंमत निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ठोकताळा आहे. त्यात जानेवारी १९६५मध्ये सीबीएस कंपनीने फेंडरचा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला, आणि त्यानंतरच्या मालाला आधीची सर नाही असं वादकांमध्ये बोललं जाऊ लागलं. मग १९६६च्या वाद्याला १९६४चं ‘करण्याचा’ मोह होणारच.

सर्वसाधारण माणूस आधी क्रमांक पाहतो. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे बरीच वर्षं हा क्रमांक चार स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवर उमटवलेला असे. पण कारखान्यात या पट्ट्या पेटीत ठेवलेल्या असत आणि कामगाराच्या हाताला येईल ती लावली जाई. त्यामुळे क्रमांक आणि वर्ष यांचा मेळ ढोबळच बसतो. शिवाय पट्टी चार स्क्रूंवरच उभी आहे. एका वाद्यावरून दुसऱ्यावर न्यायला पाच मिनिटं पुरतात. क्रमांक हा पट्टीचा आहे, वाद्याचा नव्हे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

स्क्रू सोडवून मान बाहेर काढली, की तिच्या टोकाशी अनेकदा तारीख सापडते. आधी ती पेन्सिलीने लिहीत, १९६२च्या वसंतापासून रबरी शिक्क्याने उमटवू लागले. ‘७ नोव्हें. ६४ बी’ अशा धर्तीचा इंग्रजी शिक्का दिसला, तर आपण काय वाचू? ७ नोव्हेंबर! पण तो ७ दिवसाचा आकडा नाही, ‘जॅझ बेस’ या प्रकाराचा संकेतांक आहे, प्रिसिजनचा ५. शेवटचं अक्षर मानेची रुंदी सांगतं. लिहिणाऱ्याची रीत ठाऊक नसली, तर अस्सल कागदही आपल्याला फसवतो. आणि तारीख खरी असली तरी ती मान तयार झाल्याची आहे. वाद्य जुळवलं गेलं ते त्यानंतर.

पॉटच्या पाठीवरचे आकडे आम्हाला सगळ्यांत बोलके वाटतात. ३०४६१३४ हा आकडा घ्या. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी. पुढचे दोन वर्षाचे, १९६१. शेवटचे दोन आठवड्याचे, चौतिसावा. म्हणजे हा पॉट १९६१च्या ऑगस्टमधला. वाद्यही तेव्हाचंच का? तसं मात्र म्हणता येत नाही. फेंडर कंपनीने १९६६मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा घेतला, की तो पुढे दोन-तीन वर्षं वापरात होता. तेव्हा १९६८च्या मानेबरोबर १९६६चा पॉट मिळाला तर त्यात वावगं काही नाही. उलट १९६४च्या मानेबरोबर १९६६चा पॉट मिळाला, तर दोहोंपैकी एक नक्कीच नंतर आला. जमिनीत पुरलेल्या हंड्यातल्या नाण्यांबाबत हेच तर्कशास्त्र लावतात: हंडा केव्हा पुरला, याची खालची मर्यादा सर्वांत नवं नाणं ठरवतं. वर्गात हे समजावताना नाण्यांच्या जोडीला हा पॉटही सांगता येईल.

रसायनशास्त्रही साक्षीला येतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कासवाच्या पाठीसारखी दिसणारी जी पट्टी दर्शनी बाजूला बसवत, ती सेल्युलॉइडची असे. सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि आपला देवघरातला कापूर. कापूर हळूहळू उडून जातो आणि पट्टी आक्रसते, इतकी की कडेचे स्क्रू आत ओढले जाऊन तिरपे होतात. वरचा रोगणही सेल्युलोज नायट्रेटचाच. प्रकाशाने तो पिवळा पडतो, थंडी-उन्हाने त्याला बारीक भेगा जातात. पट्टीखाली मात्र उजेड पोचलेला नसतो, तिथे मूळचा रंग टिकलेला दिसावा. अतिनील दिव्याखाली धरलं, तर नंतर लावलेला हात शेजारच्या जुन्या रोगणापेक्षा वेगळा चमकतो. अर्थात नकली माल करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. थंडी देऊन रोगण तडकवता येतो. खुद्द फेंडर कंपनीही १९९५पासून मुद्दाम झिजवलेली नवी वाद्यं विकते आहे, अर्थात उघडपणे तसं सांगून.

तपासाची एक अडचण अशी, की तपासणीच पुरावा पुसू शकते. पिकअपच्या तारांचं मूळचं सोल्डर एकदा वितळवलं की ते पुन्हा मूळचं होत नाही.

आता थोडं वेगळं. जुन्या प्रिसिजनवर बारीक तारेच्या बाजूला एक लहान लाकडी दांडी असे. वादक अंगठ्याने तारा छेडतील आणि बोटं या दांडीवर टेकवतील, अशी फेंडर यांची कल्पना. पण बरेच वादक बोटांनीच वाजवू लागले, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यात कंपनीने दांडी जाड तारेच्या बाजूला नेली. १९६०च्या दशकातल्या एखाद्या वाद्यावर जाड तारेच्या बाजूला दोन जादा भोकं सापडली, तर व्यापारी नाक मुरडेल. वादनाचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र ती भोकं सांगतील, की हा वादक कंपनीच्या पुढे होता. भोकं बुजवून वाद्य ‘मूळचं’ करणारा ही नोंद पुसून टाकत असतो. आम्हाला ते खटकतं.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांत हॉफ्नर कंपनीचा डावखुरा बेस घेतला होता. १९७२मध्ये लंडनमधल्या नॉटिंग हिल भागात उभ्या गाडीतून तो चोरीला गेला. पन्नास वर्षांनी शोध लागला, तेव्हा तोच हा बेस कशावरून, हा प्रश्न आलाच. तसल्याच बनावटीचे बेस हॉफ्नरने पुष्कळ केले होते. उपयोगी पडली ती १९६४ची एक दुरुस्ती. तेव्हा त्याला नवा रंग दिला होता आणि दोन पिकअपसाठी असलेल्या दोन वेगळ्या चौकटी काढून हाताने कोरलेली एकच लाकडी चौकट बसवली होती. ती जुन्या छायाचित्रांत दिसते. बेस परत मिळाल्याचं फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॅकार्टनी यांनी लंडनच्या कार्यक्रमात तो वाजवला.