पॅरिसच्या भुयारी खाणींतील कोरीव लेख

पॅरिसखालील चुनखडीच्या सोडून दिलेल्या खाणींचें छत १७७४ सालीं ढासळलें व आंफेर नामक रस्त्याचा मोठा भाग गडप झाला. १७७७ मध्यें खाण-निरीक्षक म्हणून नेमलेल्या गियोमो यानें आधाराच्या भिंती बांधविल्या व त्यांवर अनुक्रमांक, आपलें आद्याक्षर आणि सन कोरविला. ठिकठिकाणीं वरच्या रस्त्याचें नांवही. राज्यक्रांतींत वर कित्येक रस्त्यांचीं नांवें पालटलीं. खालीं लिलीपुष्पाचीं राजचिन्हें खरवडलीं गेलीं, पण जुनीं नांवें टिकलीं. १८७१ मध्यें नगरभवनासह शहराचें बरेंच दप्तर जळालें. म्हणून हे लेख अस्सल साधन होत. परंतु लेखाचें प्रामाण्य त्याच्या जागेंत असतें. उपटून नेलेला दगड मुका होतो. संग्राहकांनीं ठसा घ्यावा, दगड तेथेंच ठेवावा, असें आमचें मत आहे.