त्रिरश्मी डोंगरावरचे दाते

विहार बांधायचा म्हटला की पहिला प्रश्न पैशाचा आणि दुसरा पाटीचा. पैसा कसाबसा जमतो. गिरणीतला, रेल्वेतला, नगरपालिकेतला माणूस आपल्या पगारातून देतोच. पण पाटीवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली, यावरून वस्त्या दुभंगल्याचे आपण पाहिले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात डोंगर कोरून विहार उभे राहिले, तेव्हाही दाते होते आणि त्यांची नावेही कोरली गेली. ती नावे एकदा नीट वाचली पाहिजेत.

नाशिकजवळच्या लेण्यांना लोक आजही पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही. शिलालेखात डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे स्वच्छ कोरलेले आहे. डोंगरावर चोवीस लेणी आहेत आणि बोलणारे दगड भरपूर आहेत. ते वाचायचे कष्ट न घेता आपण भीम-अर्जुनाच्या गोष्टी ऐकत राहिलो.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, बडा माणूस. आपण काय काय दिले याची यादी तो मोठ्या हौसेने देतो : तीन लाख गाई, सोळा गावे, नद्यांवर फुकट होड्या, ब्राह्मणांना भोजने. ही यादी वाचताना थोडे हसू येते, पण फुकट होडीबद्दल त्याला मान द्यावाच लागतो. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण ठेवले. ते राजाच्या खजिन्यात ठेवले नाहीत. ते ठेवले विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या पंचायतींकडे म्हणा ना! एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आता हिशेब करून बघा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. पैचाही घोळ नाही. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. आपल्या कित्येक विहार समित्यांचे जमाखर्च असे चौकात वाचून दाखवता येतील का, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या समितीला विचारावा.

यातली खरी गोष्ट उषवदाताच्या श्रीमंतीची नाही. राजाच्या जावयाला आपला पैसा हातमागावर बसणाऱ्या माणसांकडे सुरक्षित वाटला, ही आहे. मुद्दल कधीच परत मागायचे नसेल, तर समोरच्याच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा पाहिजे. शील शील म्हणतात ते बाजारात असे दिसते. हात कामाचा आणि शब्द पक्का, एवढ्यावर विणकरांची पत उभी होती. जुन्नरच्या लेण्यांतही तेच दिसते. तिथे बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी आहेत, आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर स्वतःच लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे.

पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. हात तेच राहिले, पत गेली. कष्ट करणारा शूद्र ठरला, अतिशूद्र ठरला. त्याच नाशकात २ मार्च १९३० पासून काळारामाच्या दारात आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही पाच वर्षे झुंजले, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या गावाच्या डोंगरावर विणकराच्या शब्दाला एवढी किंमत होती, त्या गावात कष्टकऱ्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला.

बायकांचे दानही विसरता येणार नाही. गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिने तिसरे लेणे दिले, ते सर्वांना ठाऊक असते. ती राजमाता होती. मला जास्त जवळची वाटते ती विष्णुदत्ता. ही शक अग्निवर्म्याची मुलगी, म्हणजे परक्या समजल्या जाणाऱ्या कुळातली उपासिका. लेखात बापाचे, नवऱ्याचे, मुलाचे नाव येते; पण ठेव तिची. कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे, तेली अशा श्रेणींकडे तिने पैसे ठेवले, कशासाठी? आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. कुठल्याही दिशेने आलेला भिक्खू असो, कुठल्या पंथाचा हे विचारायचे नाही. आजाऱ्याची सेवा करा, असे तथागतांनी सांगितले. या बाईने त्याची कायमची तजवीज केली.

आणि आठव्या लेण्यातला मुगूदास. त्याचा लेख जेमतेम एक ओळीचा. नावामागे 'दासक' हा शब्द आहे. अभ्यासकांनी त्याचा अर्थ मासेमार असा लावला आहे. प्राणिहिंसा टाळा असे सांगणाऱ्या धम्माच्या डोंगरावर मासे मारणाऱ्याचे दान! संघाने ते नाकारले नाही. त्यानेही आपला धंदा लपवला नाही, शेठ म्हणून मिरवला नाही. आज शहरात आल्यावर बापाचे काम सांगायला लाजणाऱ्या आपल्या तरुणांनी या ओळीपुढे जरा थांबावे. राजाच्या जावयाला भिंती पुरल्या नाहीत, या कोळ्याला एक ओळ पुरली. त्याने लिहवून घेतले ते एवढेच की हे लेणे आपले आणि आपल्या परिवाराचे दान आहे.

त्याच लेण्यात दुसरा एक लेख आहे. लेणे तर झाले, पण आत राहणाऱ्याने ल्यायचे काय? बोधिगुप्त उपासकाचा मुलगा धर्मनंदी याने मुगूदासाच्या लेण्याला एक शेत दिले, भिक्खूच्या चीवरासाठी.