निद्रेच्या शिकवणीची कुळकथा

ऋषीचे कूळ विचारू नये, असे म्हणतात. परंतु ज्या उपायासाठी माणसे पदरचे पैसे मोजतात त्याचे कूळ अवश्य विचारावे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला चाकणचा रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या शिक्रापुरात रात्र आणि दिवस यांची जुनी वहिवाट आता मोडली आहे. सणसवाडी आणि रांजणगाव येथील कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या-भरल्या की अपरात्रीही चौकात कामगारांची वर्दळ होते. आणि ज्याच्या पंपाला थ्री फेजची वीज रात्रीच येते तो शेतकरी, शिरूर तालुक्यातील बिबट्यांच्या धास्तीने सोबतीला घरातले कोणी घेऊन, हातात बॅटरी धरून उसाला पाणी देत बांधावर उभा असतो. अशा मुलखात झोपेची तक्रार नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की डोक्याला तारा लावून गोळीवाचून झोप शिकवण्याच्या जाहिराती आता खेड्यातल्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. या विद्येस न्यूरोफीडबॅक म्हणतात.

गोळीचा कंटाळा मनुष्यास अकारण आलेला नाही. १९०३ साली एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटाल हे निद्राजनक द्रव्य वैद्यकास दिले, आणि ‘व्हेरोनाल’ या नावाने ते घरोघर गेले. परंतु त्याची सवय जडते आणि मात्रा थोडी चुकली तरी प्राण जातात, हे ध्यानात येण्यास फार काळ लागला नाही. १९६० नंतर बेन्झोडायझेपीन जातीच्या गोळ्या त्याच्या जागी आल्या. त्या अधिक निर्धोक खऱ्या, पण ‘आज राहू दे’ म्हणून बाजूला ठेवलेल्या गोळीने पुढच्या चार रात्री दुप्पट जागवल्याची हकीगत त्या नित्य घेणाऱ्या अनेकांकडून ऐकावयास मिळते. औषधावाचून काही मार्ग निघेल काय, ही पृच्छा तेव्हापासूनची आहे.

या मार्गाचे मूळ शोधू गेल्यास दोन स्थळे एकाच वर्षी समोर येतात. १९२४ च्या जुलै महिन्यात जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने, कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील विद्युत्-स्पंदने प्रथम टिपली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यास, जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम या योगसंशोधन संस्थेची स्थापना केली. या दोघांस परस्परांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. बेर्गर हा मुळात एका मनाचे दुसऱ्या मनाशी दूरसंभाषण होते काय याच्या शोधात निघालेला मनुष्य. ते सापडले नाही, सापडली ती डोळे मिटून स्वस्थ बसले असता सेकंदास सुमारे १० वेळा उमटणारी लय, जिला त्याने अल्फा असे नाव दिले. ही हकीगत त्याने १९२९ पर्यंत प्रसिद्ध केली नाही, आणि केली तेव्हा केंब्रिजच्या एड्रियनने १९३४ मध्ये शहानिशा करीपर्यंत ती फारशी कोणी खरी मानली नाही. इकडे कुवलयानंदांनी नौली आणि उड्डियान या योगक्रियांच्या वेळी उदरात पडणारा दाब दाबमापकाने मोजला, क्ष-किरणांखाली क्रिया करवून पाहिल्या, आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून ते सारे तपशील मांडले. योग्याच्या जबानीवर विसंबून न राहता यंत्राचीही साक्ष काढावी, हा दंडक ज्यांनी आपल्याकडे घातला त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

या दोन वाटा पुढे एकत्र आल्या. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. प्रखर उजेड, मोठा आवाज, तापलेल्या काचेच्या नळीचा स्पर्श यांपैकी कशानेही त्यांची अल्फा लय मोडली नाही. आणि दोघांनी बर्फासारख्या पाण्यात पाऊण तासाच्या आसपास हात बुडवून ठेवला असताही ती अखंड राहिली. त्यापूर्वी १९५८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात जो कामिया याने एक साधा, पण दूरगामी प्रयोग केला होता. डोळे मिटून बसलेल्या मनुष्यास तो मधूनमधून विचारी, ‘या क्षणी अल्फा आहे की नाही?’ आणि उत्तर चूक की बरोबर एवढेच सांगे. काही दिवसांत उत्तरे बहुतांशी बरोबर येऊ लागली; पुढे ती माणसे सांगितल्याबरोबर अल्फा आणू अथवा घालवू लागली. आपल्या मेंदूच्या वर्तनाची खबर त्याच क्षणी आपणास मिळाली तर ते वर्तन काही अंशी आपल्या हुकमतीत येते, हा या विद्येचा कणा येथे तयार झाला. १९७० मध्ये कॅन्सस प्रांतातील मेनिंजर संस्थेत एल्मर ग्रीन यांनी स्वामी राम यांची परीक्षा घेतली, तेव्हा गाढ झोपेत उमटणाऱ्या मंद लहरी आलेखावर येत असताना खोलीत काय बोलले गेले ते स्वामींनी नंतर बव्हंशी सांगितले, अशी नोंद आहे. एका मनुष्याच्या प्रयोगावर शास्त्र उभे राहत नाही; हौस मात्र उभी राहते, आणि अमेरिकेत ती त्या दशकात उदंड उभी राहिली.

निद्रेच्या शिकवणीचा खरा कुलपुरुष योगी नाही आणि प्राध्यापकही नाही. तो कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेतले एक मांजर आहे. बॅरी स्टर्मन आणि वांडा विर्विका हे १९६० नंतरच्या दशकात मांजरांस असे शिकवीत होते की ध्वनी थांबेपर्यंत निमूट बसावे, मग कळ दाबावी, म्हणजे खाद्य मिळते. त्या वाट पाहण्याच्या वेळी, अंग निश्चल पण चित्त जागे अशा अवस्थेत, मेंदूच्या स्नायुसंवेदनक्षेत्रात सेकंदास सुमारे १२ ते १५ स्पंदनांची एक लय उमटताना त्यांना दिसली. उंदराच्या बिळासमोर दबा धरून बसलेले मांजर ज्याने पाहिले आहे त्यास या अवस्थेचे अधिक वर्णन नको. मग त्यांनी कळ काढून टाकली आणि ही लय उमटली की थेट दूध द्यावयास आरंभ केला. मांजरे शिकली. याच मांजरांपैकी काही पुढे अग्निबाणाच्या इंधनातील विषारी द्रव्याच्या परीक्षेस लावली गेली, तेव्हा इतरांना आले त्या वेळी त्यांना झटके आले नाहीत. उशिरा आले, काहींना आलेच नाहीत. त्यातून १९७२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीवर पहिला मानवी प्रयोग झाला. पण आपल्या विषयास महत्त्वाचा निबंध १९७० सालचा आहे. दिवसा ही लय शिकलेल्या मांजरांच्या रात्रीच्या आलेखात निद्रेची ‘चाती’, म्हणजे हलक्या झोपेत त्याच वेगाने उमटणारे लहरींचे लहान पुंजके, अधिक दिसले आणि त्यांची झोप कमी चाळवली. मेंदूतील थॅलॅमस या अवस्थेत बाहेरच्या संवेदनांची वर्दी वर जाऊ देत नाही असे मानतात. म्हणून जागेपणी या द्वारपालास तालीम दिली तर रात्री तो आपले काम चोख करील, असा तर्क पुढे आला.

आज न्यूरोफीडबॅकच्या केंद्रात जे घडते ते या तर्काचेच रूप होय. टाळूच्या मध्यभागी केस बाजूस सारून, थोडे चिकट मलम लावून एक चकती बसवतात, कानाच्या पाळीस चिमटे लावतात, आणि समोरच्या पडद्यावर हवी ती लय वाढली की पट्टी वर चढते व मंजुळ नाद होतो. पापणी लवली किंवा दात आवळले तरी आलेख उसळतो, म्हणून पहिली बैठक बहुधा स्वस्थ बसण्याच्या शिकवणीतच संपते. आणि माझ्या मते या उपायाचा बराचसा गुण तेथेच आहे.

असे म्हणण्यास पुरावा आहे. पीटर हौरी याने १९८१ मध्ये निद्रानाशाच्या ४८ रुग्णांवर निरनिराळ्या शिकवण्या करून पाहिल्या, तेव्हा सर्वांना सरसकट एकच लाभली नाही. ताठरलेल्या, चिंताग्रस्त मनुष्यास शैथिल्याची शिकवण मानवली आणि मुळातच शांत असूनही झोप न येणाऱ्यास मांजराची लय मानवली. २०१७ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे मान्युएल शाबुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ रुग्णांना १२ खऱ्या आणि १२ लटक्या बैठका दिल्या. कोणती खरी हे रुग्णास ठाऊक नव्हते आणि बैठक घेणाऱ्यासही नव्हते. रुग्णांनी आपल्याला बरे वाटते असे सांगितले, परंतु खऱ्या आणि लटक्या दोन्हींनंतर सारखेच. आणि रात्रीच्या आलेखात फरक पडला नाही. या विद्येच्या दफ्तरातील हा सर्वांत कडक निकाल आहे, आणि जाहिरातीत तो आढळत नाही.

गोळीवाचूनचा जो मार्ग कसोटीस उतरला आहे तो फारच अनाकर्षक आहे. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिनने सांगितले, की झोप आल्यावाचून अंथरुणावर जाऊ नये, पडूनही न आल्यास उठून दुसऱ्या जागी बसावे, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नये. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमनने अंथरुणातील वेळ प्रथम मुद्दाम कमी करण्याची रीत घातली. विचार-वर्तन उपचार म्हणून जी पद्धती आज सांगतात तिचा हा गाभा आहे, आणि दीर्घकालीन निद्रानाशात प्रथम तीच द्यावी असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये ठरवले. तिला तार लागत नाही, म्हणून तिची जाहिरातही होत नाही.

शिक्रापूरच्या कामगारास मात्र ठरल्या वेळी उठणेही हातात नाही, कारण त्याची पाळी दर आठवड्यास फिरते. आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास झोप न लागण्याचा विकार नाही, त्यास झोपू दिले जात नाही. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये राज्याने काढलेली सौर कृषी वाहिनी योजना, झोपेचा एक शब्दही न उच्चारता, या तालुक्यात कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक लोकांस झोपवू शकेल. ज्याला रात्रभर शांतता मिळते आणि तरीही महिनोन्‌महिने झोप लागत नाही, त्याच्यापुरताच या शिकवणीचा प्रश्न उरतो. त्याने हौस म्हणून ती अवश्य करून पाहावी. अपाय सहसा नाही, खर्च आहे. परंतु घोरता काय, पाळी कोणती, आणि गोळी किती वर्षे घेता हे तीन प्रश्न यंत्र दाखवण्यापूर्वी जेथे विचारले जात नाहीत तेथे पैसे भरू नयेत. आणि रोजची गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये.