मोटारीचा मागचा अॅक्सल : अखंड की स्वतंत्र?

फोर्ड मस्टँग ही अमेरिकी स्पोर्ट्स कार जानेवारी 2016 मध्ये नवी दिल्लीत सादर करण्यात आली आणि पुढच्याच महिन्यात ग्रेटर नोएडा येथील ऑटो एक्स्पोमध्ये मांडण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये ती विक्रीस आली, तेव्हा तिची दिल्लीतील शोरूम किंमत 65 लाख रुपये होती. पाच लिटरच्या व्ही-8 इंजिनाची चर्चा अधिक झाली. पण या मोटारीतील मोठा बदल मागील चाकांपाशी होता. 1964 पासून मस्टँगला मागे अखंड अॅक्सल असे. 1999 ते 2004 या काळातील कोब्रासारखा अपवाद वगळता हीच परंपरा होती. 2015 च्या सहाव्या पिढीने ती मोडली आणि सर्वच प्रकारांना मागे स्वतंत्र सस्पेन्शन दिले.

दोन रचना

अखंड अॅक्सलमध्ये मागची दोन्ही चाके एकाच मजबूत दांड्याने जोडलेली असतात. दिल्लीच्या सरकारी कार्यालयांसमोर आणि टॅक्सी थांब्यांवर अनेक दशके दिसलेल्या अॅम्बेसेडरची रचना अशीच होती : मागे अखंड अॅक्सल आणि त्याला पाट्यांच्या स्प्रिंगांचा आधार. मे 2014 मध्ये या मोटारीचे उत्पादन थांबले. अशा रचनेत एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. शिवाय चाकांना शक्ती वाटून देणारा डिफरन्शिअल हा जड भाग अॅक्सलमध्येच असल्याने प्रत्येक धक्क्याबरोबर तोही वरखाली होतो.

स्वतंत्र रचनेत डिफरन्शिअल मोटारीच्या सांगाड्याला पक्का बसविलेला असतो. त्यापासून प्रत्येक चाकाकडे स्वतंत्र, सांध्यांचा दांडा जातो. एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. चाकाबरोबर हलणारे वजन कमी असल्याने टायर उसळला तरी लवकर रस्त्यावर टेकतो.

पकडीचा प्रश्न

हा फरक केवळ आरामापुरता नाही. ग्रेटर नोएडा आणि आग्रा यांना जोडणारा 165 किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग 2012 मध्ये खुला झाला. तेथे मोटारींसाठी ताशी 100 किलोमीटरची मर्यादा ठरविण्यात आली. या वेगात मोटार एका सेकंदात सुमारे 28 मीटर अंतर कापते. उंचवट्यावर चाक सेकंदाचा दहावा भाग जरी हवेत राहिले, तरी जवळपास पावणेतीन मीटर अंतरात त्या टायरला ना ब्रेकचा उपयोग, ना वळणातील आधार. हे वळणावर घडले तर मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका असतो.

याच मार्गालगत 5.125 किलोमीटर लांबीचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट आहे. 2011 ते 2013 या तीन वर्षांत तेथे फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. फॉर्म्युला वनच्या मोटारींना चारही चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन असते. वळणांच्या कडेच्या उंचवट्यांवरून जाताना एकच चाक हलावे आणि बाकीची पकड टिकावी, हा त्यामागचा हेतू.

अखंड अॅक्सलची बाजू

तरीही जुनी रचना कालबाह्य म्हणता येत नाही. मोटार वळणावर कलंडली तरी सपाट रस्त्यावर अखंड अॅक्सलची चाके ताठ राहतात. स्वतंत्र रचनेत मात्र चाक वरखाली होताना त्याचा कोन बदलतो. जोरदार सुरुवात करताना मोटारीचा मागचा भाग खाली दबतो; त्या वेळी टायरचा पूर्ण पृष्ठभाग रस्त्याला टेकलेला असणे मोलाचे ठरते. अखंड अॅक्सलमध्ये सांधे कमी, खर्च कमी आणि प्रचंड शक्ती सोसण्याची क्षमता अधिक. 2013 ची 662 अश्वशक्तीची शेल्बी जीटी 500 याच रचनेवर धावली. विशेष म्हणजे सहाव्या पिढीच्या मस्टँगवर आधारित, सरळ पट्ट्यावरील शर्यतींसाठीच्या 2016 च्या कोब्रा जेटमध्ये फोर्डने मुद्दाम पुन्हा अखंड अॅक्सल बसविला.

सपाट शर्यतपट्ट्यावर कुशलतेने बसविलेला अखंड अॅक्सलही कमी पडत नाही. 2012 च्या मस्टँग बॉस 302 ने ते दाखवून दिले.

निवड कशी करावी?

राजधानी परिसरात धावणाऱ्या बहुतेक लहान मोटारींमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. त्यांच्या मागील चाकांवर हा भार नसतो. मागील चाकांवर चालणाऱ्या शक्तिशाली मोटारीत मात्र हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सरळ पट्ट्यावरील शर्यत किंवा जड ओझे यांसाठी अखंड अॅक्सल उपयुक्त आहे. पण गतिरोधक, उड्डाणपुलांचे सांधे, खड्डे आणि वळणे असलेल्या रोजच्या रस्त्यावर स्वतंत्र रचना टायरला जमिनीशी अधिक काळ जोडून ठेवते. इंजिनाची शक्ती कितीही असो, टायर टेकलेला असेल तेवढीच ती रस्त्यावर उतरते.